रविवारचा शास्त्रपाठ : एबद-मलेख कूशी आणि आपल्या घराचे दार

शास्त्रभाग : यिर्मया ३८:१–१३ व ३९:१५–१८. सोबत वाचावे : लेवीय १९:३३–३४, गणना १२, याकोब २:१–९.

उपदेशक बंधूंस व शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, हा पाठ शिकविण्यापूर्वी त्यांनी यिर्मयाचा अडतिसावा अध्याय मोठ्याने दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात आपले सर्व लक्ष यिर्मया संदेष्ट्याकडे जाते, आणि ते साहजिक आहे. दुसऱ्या वाचनात मात्र एबद-मलेख ह्या मनुष्याकडे पाहावे. त्याचे नाव आपल्या मंडळ्यांतून क्वचितच ऐकू येते. आपण मुलांची नावे दानीएल ठेवितो, शमुवेल ठेवितो, योसेफ ठेवितो. एबद-मलेख हे नाव कोणी ठेविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

प्रसंग असा आहे. यरुशलेमेस शत्रूचा वेढा पडला आहे व नगरातील भाकरी संपत आली आहे. यिर्मया जे खरे ते बोलतो, म्हणून सरदार त्याच्यावर संतापतात व पहारेकऱ्यांच्या चौकातील एका कूपात त्यास दोरांनी खाली सोडतात. कूपात पाणी नाही, चिखल आहे, आणि यिर्मया त्या चिखलात रुतून बसतो. सिद्कीया राजा दुर्बळ मनाचा आहे. तो सरदारांस अडवीत नाही. सर्व नगरात एकही यहूदी पुढे येत नाही. येतो तो राजवाड्यातील एक चाकर, कूश देशाचा. राजा बन्यामीन वेशीत बसला असता तो तेथे जातो व सर्वांसमक्ष सांगतो की, हे जे झाले ते वाईट झाले, तो मनुष्य तेथे भुकेने मरेल. राजाची आज्ञा होते. मग एबद-मलेख माणसे घेऊन निघतो. परंतु विहिरीकडे जाण्यापूर्वी तो भांडाराखालच्या खोलीत जातो आणि तेथून जुनेर व चिंध्या गोळा करितो. त्या दोरीने खाली सोडून तो यिर्मयास सांगतो की, त्या काखेत दोराखाली घे.

ज्या गावांत वैशाखात विहिरींचा गाळ काढितात, तेथील लोकांस हे वचन समजावून सांगण्याची गरज नाही. गाळ काढावयास जो उतरतो त्याच्या काखा नाड्याने कशा सोलून निघतात हे त्यांस ठाऊक आहे. राजाने हुकूम दिला होता तो माणूस बाहेर काढण्याचा. काखा सोलू नयेत असा हुकूम कोणी दिला नव्हता. तो विचार एबद-मलेखाचा स्वतःचा होता. शिक्षकांनी ह्या चिंध्यांपाशी वर्गास थोडे थांबवावे. कोणाची सुटका करणे निराळे, आणि सुटका करिताना त्याच्या अंगास काय होईल ह्याची काळजी वाहणे निराळे.

आता हा मनुष्य कोण होता ते पाहू. कूश म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेकडील प्रदेश, आजच्या सुदान व इथिओपिया ह्या भागातला. त्याच्या नावाचा अर्थ ‘राजाचा दास’ असा आहे; त्याच्या आईबापांनी ठेविलेले नाव पवित्र शास्त्रात नाही. तो खोजा होता, आणि अनुवाद २३ ह्या अध्यायाप्रमाणे अशा मनुष्यास परमेश्वराच्या मंडळीत येण्याची मनाई होती. म्हणजे रंगाने काळा, जन्माने परका, धंद्याने दास आणि शरीराने अपात्र ठरविलेला. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य दाखवावी. याच यिर्मयाने पूर्वी, तेराव्या अध्यायात, यहूदी लोकांस दोष देताना कूशी मनुष्याच्या कातडीचा दृष्टांत घेतला होता : ती जशी बदलत नाही, तसे तुमचे वाईट वागणेही बदलत नाही. संदेष्ट्यास तेव्हा ती कातडी केवळ बोलण्यातील एक उदाहरण होती. पुढे त्याच कातडीच्या हातांनी त्यास चिखलातून वर ओढिले.

कोणी म्हणेल की, कूश देश दूर, ती गोष्ट जुनी, आमच्या नगर-नाशिकच्या मंडळ्यांशी तिचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या लोकांनी विसरू नये म्हणूनच हा पाठ आम्ही निवडिला आहे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीचा सर्वांत कर्तबगार कारभारी मलिक अंबर हा आफ्रिकेतून दास म्हणून विकला गेलेला हबशी होता. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसविले, जे पुढे औरंगाबाद झाले व आज छत्रपती संभाजीनगर म्हणविले जाते, आणि त्या शहरास त्याने नहर बांधून पाणी दिले. कोकणात जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत राज्य करीत होते. हे राजेरजवाडे झाले. आम्हांस ज्यांची आठवण करून द्यावयाची आहे ते आपल्याच मंडळीचे लोक होते.

नाशकात शरणपूर रोड सर्वांस माहीत आहे. तेथील दुकानांवरून जाणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, शरणपूर हे एका ख्रिस्ती वस्तीचे नाव आहे? चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम प्राइस यांनी ती १८५० नंतरच्या दशकात वसविली. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून अरबी गलबतांत भरून विकावयास नेत असत. इंग्रजी आरमार अशी गलबते समुद्रात अडवी व त्यांतील मुलेबाळे मुंबईस उतरवून देई. आईबापांपासून तोडलेली, आपल्या गावाचे नावही सांगता न येणारी ही मुले सरकारने शरणपुरास पाठविली. तेथे त्यांस लिहावावाचावयास शिकविले, लोहारकाम व सुतारकाम शिकविले, आणि शुभवर्तमान सांगितले. दुष्काळात व धर्मांतरामुळे गावातून बाहेर पडलेली इकडची माणसे आणि गलबतांतून सोडविलेली तिकडची मुले अशी एका वस्तीत राहिली.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या प्रवासास १८६६ साली निघाला तेव्हा नाशकातील ह्या तरुणांपैकी नऊ जण त्याजबरोबर गेले. पुढे त्याच्या मदतीसाठी आणखी काही पाठविण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबिया देशातील एका खेड्यात मरण पावला. तेव्हा चुमा व सुसी ह्या त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याचे प्रेत स्वदेशी पोहोचविण्याचे ठरविले. त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रेतविधीची प्रार्थना वाचिली ती जेकब वेनराइटने, आणि झाडावर अक्षरेही त्यानेच कोरिली. मग हजार मैलांहून अधिक वाट पायी तुडवून त्यांनी ते प्रेत समुद्रकिनाऱ्यास आणिले. ता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा प्रेतपेटीजवळ मान देऊन ज्यांस उभे केले होते त्यांत जेकब वेनराइट होता. एका रानातल्या झाडापाशी ज्याने प्रार्थना वाचिली त्याने वाचन शिकले होते ते आपल्या नाशकात.

शरणपुरातील इतर पुष्कळ जण १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ नव्याने वसविलेल्या फ्रिअर टाउनास गेले. त्यांस तेथे ‘मुंबईचे आफ्रिकी’ असे म्हणत. त्यांपैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांस १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली, आणि जोन्स यांनी पळून आलेल्या दासांस आपल्या मंडळीत आसरा दिला म्हणून मालकांचा रोष ओढवून घेतला. जो स्वतः गलबताच्या तळघरातून सुटला होता त्याने आपल्या दारी आलेल्यास परत पाठविले नाही.

दार हा शब्द येथे येऊनच गेला आहे, तेव्हा आता आपल्या दाराकडे वळू.

आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांचे आजेपणजे महारवाड्यातून व मांगवाड्यातून प्रभूकडे आले. राजा वेशीत बसला होता हे वाचिताना आम्हांस नेहमी आपल्या वडिलांची वेसकरकी आठवते. वेस राखावयाची त्यांनी, आणि वेशीच्या आत पाणवठ्यास हात लावावयाचा नाही, असा तो न्याय होता. सकाळी बाप्तिस्मा झाला तरी सायंकाळी विहिरीवर मनुष्य तोच राहिला, असे आमचे वृद्ध सांगत. हॉटेलात चहा मिळे तो बाहेर ठेविलेल्या निराळ्या कपात, व तो कप आपणच विसळून ठेवावा लागे. जोतिराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नव्हते. मंडळीच्या पुष्कळ माणसांस जे सुचले नाही ते त्यांस सुचले, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी काळ्या दासांस मुक्त करण्यास झटून साह्य केले त्यांस अर्पण केला. पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने सातासमुद्रापलीकडील काळ्या माणसाचे दुःख व आपल्या गावातील मांगाचे दुःख एकाच पानावर मांडिले. पुढे ता. २० मार्च १९२७ रोजी महाडास डॉ. आंबेडकर यांच्यामागून हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली व पाणी प्याली. ते तळे सर्वांचे आहे हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळावयास १९३७ साल उजाडले. दहा वर्षे एका ओंजळीसाठी न्यायालयात गेली. महाड आमच्या पनवेलच्याच जिल्ह्यात आहे.

नवी मुंबईविषयी गावच्या वाचकांस दोन शब्द सांगावयास हवेत. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन होऊन ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) ह्या जिल्ह्यांतील आगरी-कोळी लोकांच्या भातशेतीवर व मिठागरांवर हे शहर उभे राहू लागले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांस न्यायासाठी लढावे लागले, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण भागात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तो इतिहास निराळा सांगण्याजोगा आहे. आपली माणसे येथे आली ती पोटासाठी. कोणी वाशीच्या बाजार समितीत माथाडी झाले, कोणी तळोज्याच्या कारखान्यांत लागले, मुली इस्पितळांत परिचारिका झाल्या. प्रथम सर्वजण भाडेकरू. घर पाहावयास जावे, मालकाने आडनाव विचारावे, गाव विचारावे, मग घरात काय शिजते ते विचारावे, आणि शेवटी खोली कालच गेली म्हणून सांगावे, हा अनुभव ज्यास आला नाही असे कुटुंब आमच्या मंडळीत विरळा. पुढे प्रभूच्या कृपेने व काटकसरीने कित्येकांनी लहान का होईना स्वतःची घरे घेतली. काहींनी दुसरी खोली घेऊन ती भाड्याने दिली. ज्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या दार बाहेरूनच दिसत होते, त्यांच्या हाती प्रथमच दाराची किल्ली आली.

ह्याच शहरात आफ्रिकेतील नायजेरिया व इतर देशांतून विद्यार्थी व व्यापारी येतात. त्यांतील पुष्कळ जण ख्रिस्ती आहेत व रविवारी उपासनेस जातात. रस्त्याने जाताना त्यांस मुले ‘काळ्या’ म्हणून हाका मारतात. रिक्षा थांबत नाही. घर मिळत नाही. १९१७ च्या आधीपासून ज्या मंडळीत आपण स्वतः ‘काळे ख्रिस्ती’ म्हणून साहेबांच्या बंगल्याच्या ओसरीवर उभे राहिलो, तिच्या लोकांस हे नवे वाटू नये. (१९१७ साल आम्ही अशासाठी लिहिले की, त्या वर्षी रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. हिंदी ख्रिस्ती मनुष्य आपल्या पायांवर उभा राहावा, असे त्यांचे म्हणणे होते.)

गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातून आलेल्या, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष येऊन उभा राहिला. त्यांची दुसरी खोली रिकामी होती. एक आफ्रिकी विद्यार्थी, कागदपत्र चोख, भाडे देण्यास तयार, घर पाहून गेला. इमारतीतील मंडळींस कळताच तीन हरकती आल्या, आणि त्या तिन्ही मांडणाऱ्यांत आपल्याच मंडळीचे दोघे होते. ह्या हरकतींचा विचार वर्गात शांतपणे व्हावा, कारण त्या उद्या कोणापुढेही येतील.

पहिली हरकत अशी की, संस्थेचा नियम आड येतो. येथे माहिती असणे बरे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने देण्यापूर्वी करारपत्राची प्रत देऊन संस्थेस कळवावयाचे असते. परवानगी मागावयाची नसते. भाडेकरू परदेशी असेल तर त्याचे पारपत्र व व्हिसा पाहावा, करार नोंदवावा, आणि सरकारी नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे. पोलीस ठाण्यातही खबर द्यावी. एवढे केल्यावर नियमाचे काम संपते. त्यापुढे जो नकार उरतो तो नियमाचा नसतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. वर्तमानपत्रांत अमली पदार्थांच्या प्रकरणी परदेशी लोकांस पकडल्याच्या बातम्या येतात, तेव्हा ही जातच तसली, असे बोलिले गेले. बातम्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. ज्याने गुन्हा केला त्यास शासन व्हावे. परंतु ‘जातच तसली’ हे शब्द आपल्या तोंडी कसे येतात? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली पारधी, कैकाडी, बेरड अशा जमातींच्या जमाती जन्मतःच चोर ठरल्या. ज्याने कधी कोणाची काडी उचलिली नाही त्यासही हजेरी द्यावी लागे. सोलापुरास अशा लोकांस तारेच्या कुंपणात ठेवीत, आणि ती वसाहत चालविण्याचे काम काही काळ आपल्या अमेरिकन मराठी मिशनने पत्करिले होते. तेथे शाळा निघाल्या, पुष्कळांचे भले झाले, हे खरे. तारही होती, हेही खरे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी आजही गावात चोरी झाली की प्रथम पारध्याच्या पालावर कोण जाते, हे वाचकांनी आपल्याशीच आठवावे. एका माणसाचा गुन्हा सगळ्या कातडीवर लिहिला म्हणजे काय होते ते २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात दिसले. एका स्थानिक तरुणाच्या मृत्यूनंतर अफवा उठल्या, आणि ज्यांचा त्या गोष्टीशी काडीचा संबंध नव्हता अशा आफ्रिकी विद्यार्थ्यांस बाजारात मारहाण झाली.

तिसरी हरकत त्यांच्या स्वयंपाकाच्या वासाची. तिला उत्तर त्या घरच्या बाईंनी दिले ते आम्हांस कोणत्याही उपदेशाहून अधिक समर्पक वाटले. त्या म्हणाल्या, “भाऊ, आम्ही घर शोधत होतो तेव्हा आमच्या सुकटीचाही वास लोकांस आला होता.”

खोली त्या विद्यार्थ्यास दिली गेली. त्यानंतर जिन्यात काही शेजाऱ्यांनी बोलणे सोडिले, आणि मंडळीतील एक कुटुंब अजून त्यांच्या बाकावर बसत नाही. प्रकरण मिटले आहे असे आम्ही लिहू शकत नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय बाकांविषयीच आहे : चांगली वस्त्रे ल्यालेल्यास पुढची जागा आणि मळकट वस्त्राच्या माणसास पायांपाशी. आपल्या मंदिरांत वस्त्रावरून जागा ठरत नाही असे आपण अभिमानाने सांगतो. मग बाक रिकामा कशावरून राहिला?

भारताच्या संविधानाचा पंधरावा अनुच्छेद वाचण्यासारखा आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून भेद करू नये असे सांगून तो पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेतो. महाडचे तळे त्या पानात दिसते. परंतु तो अनुच्छेद नागरिकांविषयी आहे. दुसऱ्या देशातून आलेल्या मनुष्यास त्याचा आधार नाही. येथे मोशेचे नियमशास्त्र एक पाऊल पुढे जाते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे ती परक्याविषयी, देशात उपरा म्हणून राहणाऱ्याविषयी : त्यास स्वदेशीयासारखे माना, त्याजवर आपणासारखी प्रीति करा. आणि कारण काय दिले आहे? परका मनुष्य सद्गुणी असतो, असे दिलेले नाही. तुम्ही मिसर देशात परके होता, हे कारण आहे. आठवण हाच आज्ञेचा पाया. शिक्षकांनी वर्गास विचारावे की, आपले मिसर कोणते? वृद्ध माणसे हजर असतील तर त्यांस बोलू द्यावे व मध्येच थांबवू नये.

आता एक गोष्ट घरातली. हा भेद परदेशी माणूस आल्यावर उत्पन्न होत नाही. तो आपल्या उंबऱ्याच्या आत आधीपासून असतो. मुलगी सावळी जन्मली की बाळंतिणीच्या खोलीतच चेहरे उतरतात. साय व हळद चोळणे सुरू होते. वधूवरांच्या जाहिरातींत ख्रिस्ती घराण्यांनीही ‘गोरी’ हा शब्द घालावा, ह्याचे आम्हांस नवल वाटते. ज्या प्रांतात कोट्यवधी लोक आपल्या विठोबास सावळा म्हणूनच आळवितात तेथे तर अधिकच. मोशेने कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम कुरकुरली, आणि तिला शासन झाले ते असे की तिची कातडी हिमासारखी पांढरी झाली. गणना बाराव्या अध्यायातील ही गोष्ट लग्न जमविणाऱ्या आत्याबाईंस वाचून दाखवावी.

आमच्या रायगडात बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत, व पनवेलीस त्यांचे जुने प्रार्थनास्थान आहे. त्यांच्यातही ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भेद पडले होते, आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत. पुढे हेच लोक इस्राएल देशी गेले, तेव्हा तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या सगळ्यांच्याच कुळाविषयी शंका काढून विवाहास अडथळे आणिले. १९६२ पासून त्यांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि १९६४ साली ते अडथळे दूर झाले. कोकणात ज्यांनी चाळण लाविली त्यांनाच परदेशात चाळणीतून जावे लागले.

आणि आपण? महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. ह्या गोष्टीसही आपल्या पूर्वजांस किती वर्षे लागली ते जुन्या मंडळ्यांतील वृद्धांस विचारावे. पण सोयरीक? लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपले सोवळे कसकसे सुटले ते लपवून ठेविले नाही. पतीचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा १९०० साली. मधल्या वर्षांत पाणी कोणाच्या हातचे घ्यावे ह्याचा झगडा त्यांच्या मनात चालला. ब्राह्मण घरातून आलेल्या बाईस जे सोडिता आले ते आपणांस सोडिता येत नाही, ही गोष्ट लाजेची खरी. शिवाय ती तोट्याचीही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांस नाहीत. ह्या प्रश्नाच्या विचारार्थ २०२२ साली निवृत्त सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोगही नेमण्यात आला. आपण सरकारास सांगतो की, बाप्तिस्म्याने गावाच्या नजरेतील जात जात नाही, म्हणून आम्हांस न्याय द्या. ही मागणी रास्त आहे व ती आपण सोडू नये. परंतु ती मागावयास जाताना आपल्याच घरात जात कोण सांभाळतो, हे विचारणारा कोणी भेटला तर खरे उत्तर देण्याची तयारी असावी.

हा पाठ घेताना उपदेशकांनी एक दक्षता घ्यावी. आफ्रिकेतील मनुष्य आपल्या गावी क्वचित येईल, म्हणून वर्गास ही शहराची गोष्ट वाटेल. तसे होऊ देऊ नये. ऊसतोडीसाठी मुकादमाने आणिलेली परजिल्ह्यातील कुटुंबे, वीटभट्टीवर आलेले बिहारचे व ओडिशाचे मजूर, गावाबाहेर पाल ठोकून राहिलेले पारधी, हे गावचे परके आहेत. त्यांची मुले मंदिराच्या नळावर पाणी भरावयास येतात तेव्हा त्यांस काय सांगितले जाते, येथून आरंभ करावा.

वर्गासाठी प्रश्न :

एबद-मलेख राजाकडे एकांतात न जाता वेशीत सर्वांसमक्ष का गेला असावा?

त्याने चिंध्या का नेल्या? आपण कोणास मदत करिताना अशी कोणती गोष्ट विसरतो?

आपल्या मंडळीत गेल्या दहा वर्षांत किती लग्ने दोन निराळ्या समाजांतून आलेल्या घरांत झाली? पाळकांच्या नोंदवहीवरून मोजावे.

ज्यांच्या घरी भाडेकरू आहेत त्यांनी सांगावे की, घर देताना त्यांनी कोणते प्रश्न विचारिले.

एकोणचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी नगर पडत असता परमेश्वर ह्या कूशी मनुष्यास नावाने निरोप पाठवितो. त्या निरोपात ज्या माणसांस तो भीत होता त्यांचा उल्लेख आहे. म्हणजे एबद-मलेख वेशीत बोलला तेव्हा त्यास भीती वाटत होती. ती वचने वर्गातील सर्वांत लहान मुलाकडून वाचवून घ्यावी. पुढील रविवारी प्रेषितांची कृत्ये ८:२६–४० हा भाग घेण्यात येईल. तेथेही एक कूशी मनुष्य रथात बसून वाचीत आहे, व पाणी दिसताच तो विचारितो की, आता मला अडचण कोणती?